पाच गावांची पट्टी

रविवारी आबांनी पाच ताटं मांडायला सांगितली, पाचवं थोरल्या सुनेचं, मनिषाचं. घरात सगळ्यांना समजलं, आज वाढायला धाकटी सून रोहिणी. म्हणजे आज बोलणं तिच्याबद्दल.

लासुर्ण्याच्या या घराचा रिवाजच तसा होता. ज्याच्याबद्दल बोलायचं, त्यानं वाढायचं. आबांच्या वडिलांनी भावाशी जमिनीची वाटणी करताना तो पाडला आणि पुढं कुणी मोडला नाही. कारण साधं होतं. ज्याचा विषय त्याला सगळं ऐकू यावं, पण मध्ये तोंड घालता येऊ नये. आणि ज्याच्या हातचं खातोय त्याच्याबद्दल वेडंवाकडं बोलायला माणूस जरा कचरावा. वाढणाऱ्यानं सगळ्यांच्या शेवटी बसायचं, आणि तो बसला की फक्त त्यानं बोलायचं. ट्रॅक्टर घ्यायचा होता तेव्हा थोरल्या इंद्रजितनं वाढलं होतं, निम्मी आमटी पाहुण्यांच्या मांडीवर. धाकट्या सुयोगनं बारामतीच्या यार्डात नोकरी धरली तेव्हा सुयोगनं. बायकांचा विषय या पंगतीत कधी निघालाच नव्हता. निघाला असता तरी कुणाला कळलं असतं म्हणा. त्या रोजच वाढतात.

आज निघाला होता. सुयोगची बायको रोहिणी बारामतीच्या एका खाजगी आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवायची. सकाळी सातची एसटी धरायची ती संध्याकाळीच घरी. पगार साडेसव्वीस हजार, तोही कंत्राटी. गेल्या आठवड्यात चाकणच्या एका कॉलेजानं तिला शेहेचाळीस हजारांवर बोलावलं होतं. होय की नाही ते सोमवारी दुपारपर्यंत कळवायचं होतं.

मनिषा, इंद्रजितची बायको, पाटावर बसली खरी, पण तिला बसता येईना. लग्नाला चौदा वर्षं झाली, पहिल्या पंगतीत ती कधी बसली नव्हती. मटण तिनंच शिजवलेलं, त्यामुळं डोळे सारखे पातेल्याकडं. रोहिणीनं रश्शात पळी बुडवली की हिचा हात आपोआप उठायचा. रोहिणीची चार वर्षांची स्वरूपा तिच्या मांडीला खेटून तिच्याच ताटात जेवत होती, आणि मनिषा एका हातानं तिच्या घासातलं हाड काढत होती. तेवढं एक काम हाताला होतं म्हणून बरं.

“मने, हात खाली,” छबूआत्या म्हणाली. “आज तू पावणी हायस.”

छबूबाई म्हणजे आबांची धाकटी बहीण, सोमेश्वरनगरला दिलेली. माहेरी काही ठरायचं असलं की तिला कसा कुणास ठाऊक, वास लागायचा. पहिल्या एसटीनं हजर.

“मला आधीच सांगायचंय,” भाकरी मोडता मोडता आत्या म्हणाली. “पोरीनं जावं. शेहेचाळीस हजार काय झाडाला लागत्यात? आन स्वरूपाला चांगली शाळा मिळंल.”

“आत्या, आधी घास तर घे,” इंद्रजित म्हणाला. त्याला रोहिणी जायला नको होती, आणि त्याचं कारण सांगायला त्याला लाज वाटत होती. ती गेली की सुयोग जाणार. सुयोग गेला की रात्रपाळीच्या लायटीवर उसाला पाणी द्यायला तो एकटा.

आबांनी मिठाला बोट लावलं. “सुयोग, काढ तुझी पट्टी.”

*

सुयोग यार्डात एका आडत्याकडं हिशेबाला होता. पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पडणारा शेवटचा कागद. डाळिंब काय भावानं गेलं, त्यातनं हमाली किती, तोलाई किती, गाडीभाडं किती, आणि सगळं वजा जाता हातात काय आलं. दहा वर्षं ते काम करून सुयोगचा भावावरचा विश्वास उडाला होता. पुण्याला आमचं डाळिंब दीडशेनं गेलं, असं कुणी मिशीला पीळ देऊन सांगितलं, की तो हळूच विचारायचा, “हातात किती आलं?” आणि पीळ सुटायचा.

तर या गड्यानं बायकोच्या पगाराची पट्टी काढली होती. नुसती चाकणची आणि बारामतीची नव्हे. निदेशकाच्या ट्रेनिंगला रोहिणीबरोबर असलेले चौघे आज चार ठिकाणी शिकवतात. त्यानं चौघांना फोन लावले. पगार विचारला, घरभाडं विचारलं, दुधाचा दर, गॅस, पोरांच्या शाळेची गाडी, सगळं विचारलं. नाशिकचे सर तर म्हणाले, “अहो, आमच्या सौंनी कधी एवढं विचारलं नाही.” आठ दिवस रात्री बसून त्यानं पाच रकाने भरले. डोकं असावं तर असं, आणि ते कामाला लावायची चिकाटीही.

“माझा पगार सगळीकडं तेवढाच धरलाय, म्हणून त्यो काढून टाकला,” तो म्हणाला. “हिशेबनीसाला यार्ड कुठंबी असतंय. आता चाकण. पगार शेहेचाळीस.”

“बघा,” आत्या म्हणाली.

“आत्या, भाव ऐकू नका, पट्टी ऐका. खोल्यांचं भाडं तेरा हजार. किराणा, दूध, भाजी, गॅस साडेतेरा. स्वरूपाची शाळा तीन, शाळा सुटल्यावर पाळणाघर साडेपाच. जायला-यायला अडीच. लाईट, सोसायटी, सटरफटर दोन. वजा साडेएकोणचाळीस. हातात साडेसहा हजार.”

आत्याचा घास हातातच राहिला. “साडेसहा?”

“साडेसहा. आता कोल्हापूर. पगार एकतीस, हातात साडेआठ. नाशिक चौतीस, हातात सात. संभाजीनगर एकोणतीस, हातात चार हजार दोनशे.”

“म्हंजी ज्याचा पगार जास्त त्याचं घर भरलेलं, असं न्हायच,” आबा म्हणाले.

“न्हायच. आता आपली बारामती. पगार साडेसव्वीस. एसटीचं अर्धं तिकीट, महिन्याला बाराशे. स्वरूपाची शाळा अठराशे. सटरफटर अडीच हजार. भाडं निरंक. किराणा निरंक. दूध, भाजी निरंक. डबा निरंक. पाळणाघर निरंक. वजा साडेपाच हजार.” सुयोगनं कागदावरून मान वर केली. एवढ्या कष्टाचं फळ सांगताना त्याला हसू दाबता येईना. “हातात एकवीस हजार.”

इंद्रजितनं मांडीवर थाप मारली. “तिप्पट! चाकणच्या तिप्पट! झालं की मग, कशापायी बोलायचं आता? रोहिणी, रस्सा आण.”

रोहिणीनं रस्सा आणला. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. तोंडावर काच धरून काम करायची सवय, दुसरं काय.

आबा मात्र मनातून फुलले. त्यांना ही पोर गावातून जायला नको होती, आणि त्यांचं कारण इंद्रजितसारखं नव्हतं. आबा तीस वर्षं कारखान्यात फिटर होते. लोखंडाला लोखंड जोडणारे हात त्यांनी शेकड्यांनी पाहिले होते. गेल्या साली ऐन गाळपात गावातल्या म्हस्कूच्या ट्रॉलीची दांडी चौकातच मोडली. ट्रॉली उसानं भरलेली, मागं गाड्यांची रांग, आणि वेल्डर म्हणतोय दुपारनंतर येतो. रोहिणीला त्या दिवशी सुट्टी होती. तिनं शेजारच्या गॅरेजातनं मशिन मागून आणलं, साडीवर सुयोगचा जुना शर्ट चढवला, आणि पहिला पाऊण तास नुसती दांडी घासली. म्हस्कू वैतागला. “बाई, चिकटवा की पटकन.” तिनं मान वर न करता सांगितलं, “वरून चिकटवली तर पहिल्या खड्ड्यात निघंल. कड तिरपी उतरवल्याबिगर मी रॉड लावणार न्हाय.” मग तिनं जोड मारला. गार झाल्यावर हातोडीनं वरचा पापुद्रा ठोकून काढला, तेव्हा खालून जी रेघ निघाली ती घातलेल्या वेणीसारखी एकसारखी होती. त्या संध्याकाळी आबा कधी नव्हे ते गावभर फिरले, आणि ज्याच्या-त्याच्या ओट्यावर बसून त्यांनी त्या दांडीची गोष्ट सांगितली. म्हस्कू ऊस अजून त्याच दांडीवर ओढतो.

तिच्या वर्गात या साली सात मुली आहेत. बाई शिकवायला आहे म्हटल्यावर बापांनी पाठवल्या. आबांना त्या सातही बापांच्या नावांसकट पाठ होत्या.

“चला,” आबा म्हणाले. “तुझी पट्टी चोख हाय. आता रोहिणी बसंल तवा तिचं—”

“भावजी,” मनिषा म्हणाली. “निरंक म्हंजी काय वो?”

*

विचारलं तेव्हा तिच्या मनात भांडण नव्हतं. तिला खरंच विचारायचं होतं. बारावीपर्यंत ती शिकलेली, शब्द तिला ठाऊक होता. पण पाच वेळा तो शब्द कानावर पडला, आणि पाचही वेळा तिला आपलंच नाव घेतल्यासारखं वाटलं.

“निरंक म्हंजी काय न्हाय, वैनी. खर्च शून्य.”

“पाळणाघर काय न्हाय?”

“न्हाय ना. स्वरूपा घरीच असती की.”

“घरी कुणापाशी असती?”

सुयोग रकान्यात बोट फिरवू लागला.

“शाळेची गाडी साडेबाराला येती,” मनिषा म्हणाली. आवाज तिनं चढवला नाही, उलट शेजारच्या पोरीनं घाबरू नये म्हणून खालीच ठेवला. “तितनं तुमी यीस्तवर. ताप आला की दवाखान्यात मी. डबा पाचला उठून मी. दूध मी काढती. चाकणला ह्याच कामाला साडेपाच हजार पडत्यात म्हणालात. तितली बाई काम करती, म्हणून पैसं. मग हितं काय न्हाय कसं झालं? मला पैसं नकोत, भावजी. पर मी दिसत तर हाय ना तुमाला?”

रोहिणी भाकरीची दुरडी घेऊन उभी होती ती तशीच उभी राहिली.

“अगं, काय बोलतीस तू?” इंद्रजित म्हणाला. त्याला राग आला होता, आणि खरं म्हणजे भीती वाटली होती. “घरातल्या घरात कसला आलाय दर? उद्या आईच्या दुधाचं बिल लावशील.”

“इंद्रजित, तू गप,” आत्या म्हणाली. पाच मिनिटांपूर्वी ती चाकणच्या बाजूला होती. आता तिनं पाट सरकवला आणि ती उघड मनिषाच्या बाजूला गेली. “उसाच्या बांधणीला गडी लावतूस तर हजेरी देतूस का न्हाय?”

“त्यो परका.”

“आन बायकू घरची, म्हणून निरंक व्हय? बरं हाय रं तुझं.”

“आत्या, तू मगाशी रोहिणीला चाकणला धाडत होतीस.”

“मगाशी मला ठावं नव्हतं, तुमी हितं फुकटात राबवताय. वय झालं म्हणून काय मत बदलू नये?”

सुयोग या भांडणात नव्हता. तो कागदाकडं बघत होता आणि त्याचे कान तापले होते. यार्डात शेतकरी येतात, खर्च सांगतात. खत एवढं, औषध एवढं. सुयोग प्रत्येकाला विचारतो, घरच्या माणसांची मजुरी धरली का? आणि प्रत्येक जण हसून म्हणतो, ती काय, घरचीच. मग सुयोग त्यांना शिकवतो. घरचं ते फुकट म्हणता म्हणून तुमचा माल स्वस्तात जातो, हे त्याचं ठरलेलं वाक्य. दहा वर्षं त्यानं हे लोकांना ऐकवलं, आणि स्वतःच्या घराची पट्टी काढायला बसला तेव्हा त्यानं नेमकी तीच चूक केली. एका रकान्यात पाच वेळा.

“वैनी बरोबर बोलत्यात,” तो म्हणाला. “पट्टी चुकलीय.”

“सुयोग!” इंद्रजित म्हणाला.

“दादा, चुकलीय तर चुकलीय. चार गावांचा खर्च धरायचा आन आपला न्हाय धरायचा, ह्याला हिशेब म्हणत न्हाईत.” त्यानं डाव्या हातानं खिशातलं पेन काढलं, उजवा हात खरकटाच. “पाळणाघर साडेपाच. तोच दर, कारण काम तेच.”

“डबा,” आत्या म्हणाली.

“डबा रोजचा सत्तर धरला तर महिन्याला अठराशे. दूध दीड लिटर, सव्वादोन हजार. दाणं, भाजी चार हजार. खोली?” त्यानं आबांकडं बघितलं.

आपल्या घराचं भाडं सांगायची वेळ आबांवर कधी आली नव्हती. “अडीच हजार लिव्ह. त्याच्या वर लासुर्ण्यात कोण दील?”

सुयोगनं बेरीज मारली, पुन्हा मारली. “सोळा हजार पन्नास. एकवीसातनं वजा. हातात चार हजार नऊशे पन्नास.” त्याचा स्वर पडला. “पाचात आपला नंबर चौथा. संभाजीनगरच्या वर आन बाकी सगळ्यांच्या खाली.”

“म्हंजी चाकणला गेलं तर दीड हजार जास्त,” आत्या म्हणाली.

“दीड हजार जास्त.”

आबांनी ताटावरून हात उचलला. त्यांना वाटलं, गेली पोर. आणि आश्चर्य म्हणजे राग मनिषाचा आला नाही, स्वतःचाच आला. थोरल्या सुनेच्या हातचं चौदा वर्षं जेवलो आणि कधी कुणाच्या ओट्यावर बसून तिची गोष्ट सांगितली नाही.

“रोहिणी,” ते म्हणाले, “ठेव ती दुरडी. बस.”

*

रोहिणी बसली. मनिषा सवयीनं वाढायला उठू लागली तसा आत्यानं तिचा पदर धरून तिला खाली ओढलं. मग रोहिणीनं स्वतःच वाढून घेतलं. भाकरी मोडली, पण तोंडात घातली नाही.

“चाकणवाल्यांनी मला आपणहून बोलावलं न्हाय,” ती म्हणाली. “मी अर्ज केला होता. दिवाळीतच. ह्यांनाबी ठावं न्हाय.”

सुयोगनं चमकून बघितलं.

“पगार बघून न्हाय केला. माझ्या शेडात सोळा मशिनं हायत, त्यातली चार मीच दुरुस्त केल्यात. सात पोरी हायत. त्यातल्या एकीचा जोड माझ्यापरास सरळ येतो. मला कुठं जायचं होतं?” तिनं मनिषाकडं बघितलं नाही, बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं. “ताई, मी रोज सातला निघती तवा तुमी दारात उभ्या असता, पोरगी कडेवर. मी तिचं तोंड बगत न्हाय, तुमचंबी बगत न्हाय. खाली मान घालून निघती. तुमी कवा एक शब्द बोलला न्हाईत, म्हणून जास्त लाज वाटती. दोनदा पैसं दिलं. एकदा तुमी त्याचा स्वरूपाला गणवेश आणला, एकदा माझ्याच पर्समधी परत ठेवलं. पाळणाघराच्या बाईला पैसं दिलं की तिच्या डोळ्यात बघून बोलता येतं. तेवढ्यासाठी मी चाकण शोधलं. मला पुणं नको होतं, ताई. मला फुकट नको होतं.”

मनिषाला हे अपेक्षित नव्हतं. गेले आठ दिवस ती वेगळंच समजून रडत होती. चुलीपाशी रडायचं, धुराचं निमित्त सांगायचं.

“मला वाटलं, तुला आमचा कंटाळा आला,” ती म्हणाली. “पोरीला माझी सवय झाली, ते तुला खुपतंय, असं वाटलं.”

“खुपत होतं,” रोहिणी म्हणाली. “पण मी काय तोंडानं बोलणार होते?”

आत्यानं पदर डोळ्याला लावला, आणि लगेच काढला, कारण तिला मुद्द्याचं बोलायचं होतं. “मग आता? जायचं का ऱ्हायचं?”

“साडेपाच हजार ताईंच्या खात्यावर. दर महिन्याला, पगार झाला की. ते ठरलं तर मी ऱ्हाती. न्हायतर उद्या चाकणला व्हय म्हणून कळवती.”

“साडेपाच कशाला?” मनिषा म्हणाली. “त्यो चाकणचा दर. हितं तीन बी लई झालं.”

“साडेपाच.”

“चार दे. घरची पोर हाय ती.”

“ताई, मला सूट नको. साडेपाच.”

असा सौदा सुयोगनं यार्डात उभ्या आयुष्यात बघितला नव्हता. घेणारी दर पाडतेय आणि देणारी चढवतेय. त्याला आपल्या बायकोकडं आणि वहिनीकडं बघत बसावंसं वाटलं, आणि तो बसला.

“आन बाकीचं?” इंद्रजितनं विचारलं. त्याचा आवाज आता नरम होता. “दूध, दाणं, खोली? त्याचंबी बिल करायचं का?”

“ते पट्टीत लिव्हायचं, घ्यायचं न्हाय,” आबा म्हणाले. “जमीन माझी, गाय माझी. मी नातीला दूध विकत न्हाय. पण माणसाचे कष्ट निराळे. आन तुला रात्री पाण्याला जोडीदार पायजे म्हणून तू हिला थांबवत होतास, ते मला दिसत न्हाय असं समजू नकोस.”

इंद्रजितनं मान खाली घातली. मग म्हणाला, “भावकीत हसतील, आबा. सून सुनेला पगार देती म्हणून.”

“हसू देत. म्हणावं, आबाच्या घरात दोन बाया पगारी हायत. तुमच्यात किती, ते सांगा.”

आत्या अशी हसली की तिला ठसका लागला. मनिषानं उठून पाणी दिलं. यावेळी तिला कुणी खाली ओढलं नाही.

“पर एक मला कळत न्हाय,” ठसका गेल्यावर आत्या म्हणाली. “आबा घेत न्हाईत ते सोड, सगळं धरून तुझ्या हातात खरं राहतंय काय, ते ह्यानं मांडलंच हाय. चौथा नंबर. जाणूनबुजून चौथ्या नंबरावर कोण थांबतं गं?”

“मी थांबती,” रोहिणी म्हणाली आणि पहिला घास तोंडात घातला. “इतकी वरसं साडेसव्वीस हजार घेत होते, त्यातलं माझं किती ते मला ठाऊक नव्हतं. आता कळलं. थोडं हाय, पर माझं हाय.”

*

सोमवारी सकाळी पावणेसातला धुकं होतं. वस्तीवरून कारखान्याच्या गाड्यांचे आवाज येत होते. मनिषा दारात उभी होती, कडेवर स्वरूपा, टोपडं घालून, अर्धी झोपेत.

रोहिणीनं डबा पिशवीत घातला, चपला पायात सरकवल्या आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून थांबली. तिनं वळून आधी लेकीकडं बघितलं, मग मनिषाकडं. तीन वर्षं एक वाक्य तिच्या जिभेवर होतं. रोज यायचं आणि रोज ती गिळायची, कारण जे फुकट करतंय त्याला सांगायचं कोणत्या तोंडानं.

“ताई,” ती म्हणाली, “दुपारी जेवताना तिच्या हातात मोबाईल देत जाऊ नका. डोळ्यांना वाईट. आन तिला तुमी भरवू नका, तिच्या हातानं खाऊ दे.”

मनिषा बघतच राहिली. या घरात आल्यापासून रोहिणीनं तिला कशाला नाही म्हटलेलं नव्हतं. तिच्या भुवया वर चढल्या, एक क्षण रोहिणीला वाटलं आपण चुकलो, आणि मग मनिषाच्या तोंडावर हळूहळू हसू आलं, अगदी कानापर्यंत.

“बरं,” ती म्हणाली. “न्हाय द्यायचा. आता माझं ऐक. तुझं कॉलेज साडेचारला सुटतं. त्या मैत्रिणींबरोबर चहा पीत बसतीस आन सात वाजवतीस, ते मला तवाबी कळत होतं. सहाला घरात पायजेस. सहाच्या पुढं जादा पैसं पडतील.”

“कबूल,” रोहिणी म्हणाली.